उजवा गुडघा

माझी थोरली यन-सिल हिने जन्मात एकही गोल केला नाही. शाळेच्या टीमपासून पगारी टीमपर्यंत, एकही नाही. हे ऐकलं की लोक हळहळतात. हळहळण्यासारखं काय आहे त्यात? कुत्रा अंडी घालत नाही म्हणून कोणी गळा काढतं का? दुसऱ्याचा गोल होऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. आणि ते तिनं असं केलं की तिचं नाव निघालं की समोरच्या टीमच्या पोरी आधी आपली नडगी चाचपायच्या.

गावात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. यन-सिलची आई, एवढंच. आमचा धंदा म्योंगते मासा वाळवायचा. डिसेंबरात समुद्रावरून ट्रक येतात आणि इथे डोंगरात आम्ही मासे लाकडी मांडवांवर टांगतो. रात्री गोठतात, दुपारी सुटतात, परत गोठतात. वसंतापर्यंत पिवळे आणि हलके होतात. मग दांडक्याने बडवायचे, तेव्हा कुठे सूपात घालण्याजोगे होतात. नवरा मांडवावरून घसरून पडला आणि गेला. तेव्हापासून हे सगळं मी एकटी ओढते. नुसतं बोट लावून सांगते कुठला मासा आतून ओला आहे. माझा हात चुकत नाही, हे सगळं खोरं जाणतं.

यन-सिलला फुटबॉलला मी नाही घातलं. शाळेचा कोच मासे घ्यायला आला होता. त्यानं पाहिलं, दोन गडी उचलतात ती पेटी ही एवढीशी पोर एकटी ढकलत नेते आहे.

"ही मला द्या," तो म्हणाला.

"न्या की. पण जेवते फार, आधीच सांगून ठेवते."

शाळेच्या टीमच्या पोरी एकत्र राहायच्या. तिथे मोठ्या पोरींचे बूट घासायचे, त्यांचे मोजे धुवायचे, चुकलं की कोचची छडी. आठवीत असताना एकदा ती बस पकडून पळून आली. मांड्या काळ्यानिळ्या. अंगणात उभी राहून रडायला लागली. मी तिला पोटभर जेवू घातलं आणि पुढच्या बसने परत नेऊन सोडलं. कोचला म्हटलं, "मारा, पण हाड सांभाळून. हाड मोडलं तर ती ना तुमच्या कामाची, ना माझ्या." त्यानंतर ती माझ्यासमोर कधी रडली नाही. मी म्हटलं, झाली पोर तयार.

धाकटी बो-राम तिच्याहून बरीच लहान. सुट्टीत आली की यन-सिल तिला रिकाम्या मांडवांखाली खेळवायची. खांब म्हणजे माणसं. बो-राम चेंडू घेऊन खांबाखांबातून सुटायची आणि शेवटी यन-सिल उभी असायची. दर वेळी धाकटी मातीत.

"ताई, एकदा तरी जाऊ दे ना गं!"

"का? बहीण म्हणून? मग परक्या मैदानावर बहीण कुठून आणशील?" आणि तिला कॉलर धरून उठवायची. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? तोंड खोटं बोलतं. कंबर बघ."

बो-राम वाढली, पुढे आघाडीला खेळायला लागली, दुसऱ्या एका टीमने तिला उचललं. पेपरात फोटो यायला लागले. थोरलीचा फोटो एकदाच आला होता. त्यात तिची पाठ होती.

तिशी उलटल्यावर यन-सिलच्या गुडघ्याच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली ती लंगडत. मी खडेमीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधलं आणि म्हटलं, "आण तो पाय." तिनं उजवा पुढे केला. दोन हिवाळे मी तो उजवा गुडघा शेकला, तेल लावून चोळला. अंगठा टेकवला की ती दात आवळायची. मी मनात म्हणायची, ही वाटी झिजली, हिचं आता संपत आलं. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. माझे खांदे गेलेत. मांडवावर चढायला घरचं माणूस लागतं, रोजंदारीवरचा गडी मासा टांगतो तो चुलीत लाकूड टाकल्यासारखा.

गेल्या शरदात चुसॉकच्या सणाला दोघी घरी आल्या. तांदळाच्या पिठाच्या चंद्रकोरी वळत बसलो होतो, तेव्हा यन-सिलनं सांगितलं. मोसमाची शेवटची मॅच बो-रामच्या टीमशी होती. तिच्या कोचनं बजावलं होतं, त्या मॅचला बो-रामला अडवलंस तर आणखी एक वर्ष ठेवतो, नाही तर सामान बांध.

"बांध की," मी म्हटलं. "डिसेंबरात ट्रक येतायत."

"एक वर्ष, आई."

"गेल्या वर्षीही एकच होतं. तुझं एक वर्ष म्हणजे दारुड्याचा शेवटचा पेला."

"मला खेळायचंय."

"गुडघा तरी विचारलास का, त्याला खेळायचंय का ते?"

बो-राम खुदकन हसली. यन-सिल हसली नाही. तिनं हातातली चंद्रकोर इतकी दाबली की आतले तीळ बाहेर आले. खेळ सुटला तर आपण हातातल्या त्या चंद्रकोरीसारखे होऊ, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. फुटबॉलशिवाय तिच्याकडे होतं काय? नवरा नाही, पोर नाही. मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मला ती घरी हवी होती.

दुपारी बापाच्या थडग्यावर गेलो. गवत काढलं, दारू शिंपडली, दोघी नमस्काराला वाकल्या. आमच्यात नमस्कार म्हणजे दोन्ही गुडघे टेकून कपाळ जमिनीपर्यंत. यन-सिल वाकताना कण्हली आणि उजवा गुडघा धरून बसली. तोंड पांढरं पडलं होतं. मी ते तोंड नीट बघून घेतलं.

घरी आल्यावर बो-रामला किमचीच्या लोणच्याच्या रांजणांमागे गाठलं.

"त्या दिवशी तिच्या उजव्या अंगाने जा. उजव्या पायावर तिला वळायला लाव. वळता येणार नाही तिला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, ताई आहे ती माझी."

"आणि मी तिची सावत्र आहे काय? आणखी एक वर्ष खेळली तर काठी घेऊन चालेल. तू गोल केलास की ती चालत्या पायांनी घरी येईल."

"आणि मी नाही केला तर? मग मला आणशील घरी?"

"तुला? तू टांगलेला मासा आपणहून परत समुद्रात जाईल."

ती हसली, पण हो म्हणाली नाही. पोरगी गोड आहे. गोड माणसाचं हेच वाईट, त्याला दोनदा सांगावं लागतं.

मॅच तालुक्याच्या गावात होती. शेजारच्या मुनकाकू बरोबर आल्या, उकडलेली रताळी घेऊन. पोरींच्या मॅचला गर्दी नसते. पायरीवर कोणी खोकलं तरी मैदानात ऐकू जातं.

पहिल्या अर्ध्यात बो-रामनं माझं ऐकलं नाही. लहानपणापासूनच्या सवयीनं ताईच्या डाव्या अंगाने जात राहिली. एकदा सुटली, चेंडू गोलच्या खांबाला लागला. पुन्हा सुटली, तेव्हा यन-सिलनं तिचा शर्ट धरून खेचलं आणि पिवळं कार्ड खाल्लं.

"यन-सिलची आई, तुझी थोरली आज म्हातारी दिसते गं," मुनकाकू रताळं सोलत म्हणाल्या.

"तुम्ही रताळं बघा, काकू. घशात अडकेल."

पण मला चैन पडेना. धाकटी दया दाखवत होती, हे माझ्या ध्यानात आलं. सांगितलेली जागा सोडून दुसरीकडूनच जात होती. असं अर्धवट खेळून सुटेल आणि मॅच तशीच संपेल, थोरलीला ते एक वर्ष मिळेल, आणि डिसेंबरात मी एकटी मांडवावर. दुसरा अर्धा बराच सरला तेव्हा चेंडू परत बो-रामकडे आला आणि समोर एकटी यन-सिल उरली. मी पायरीवर उभी राहिले आणि छातीतला सगळा वारा काढून ओरडले:

"बो-राम! उजवीकडून!"

यन-सिलनं मान वळवली नाही. फक्त उजव्या अंगाला थोडी लंगडली आणि वाट मोकळी दिसली. बो-राम त्या वाटेने गेली. आणि थोरली त्याच उजव्या पायावर, ज्याला मी दोन हिवाळे शेकलं, त्या पायावर अंगाचा सगळा भार टाकून गिरकीसारखी वळली आणि घसरत आत शिरली. आधी चेंडू, मग घोटा. वाळल्या माशावर दांडकं पडावं तसा आवाज झाला. मुनकाकूंच्या हातातलं रताळं खाली पडलं.

रेफ्रीनं शिट्टी मारली नाही. चेंडू आधी लागला होता, त्याचं बरोबर होतं. बो-राम गवत मुठीत धरून किंचाळत होती. यन-सिल उठली, तिच्या अंगावरून पुढे गेली आणि हात वर करून आपल्या पोरींना ओरडली, "वर चला! वर!" सगळी रांग तिच्या मागोमाग पुढे सरकली. बहिणीकडे तिनं पाहिलंही नाही. मॅच बरोबरीत सुटली.

दवाखान्याच्या बाकावर मी बसले होते. घोट्यात स्क्रू घालायचे ठरले होते. यन-सिल आली ती आंघोळ करून, टीमचा कोट घालून. शेजारी बसली, विजार वर केली. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. डाव्या.

"हा कुठला पाय?" मी म्हटलं.

"डावा. एवढं तरी शाळेत शिकवलं असेल तुला."

"मग दोन हिवाळे मी काय चोळत होते?"

"चांगला पाय. फार मजबूत झाला, आई. हाताला गुण आहे तुझ्या."

मला थडग्यावरचा नमस्कार आठवला. खाली जाताना सगळा भार तिनं उजव्या पायावरच घेतला होता, डावा अलगद टेकवला होता, आणि मग उजवा धरून कण्हली होती. मी तिचं तोंड बघत होते.

"बहिणीचा पाय मोडायचा होता तुला?"

"चेंडू घ्यायचा होता. पाय मध्ये होता."

"आणि मी तिला सांगीन, हे तुला ठाऊक होतं?"

"वाटलं होतं. पण ती बावळट, ऐकेचना तुझं. डावीकडूनच येत राहिली. आणखी एकदा आली असती तर संपले होते मी, आज रात्रीच घरी आले असते तुझ्या मांडवावर." तिनं बर्फाची पिशवी नीट केली. "मग तू ओरडलीस. कोचनं आत्ताच सांगितलं, एक वर्ष दिलं. म्हटलं, तुझे आभार मानून यावं."

"आईशी असं वागतात? दुखणं आईपासून लपवतात?"

"आठवीत दाखवलं होतं की एकदा." ती उठली. डावा पाय घासत दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुला हिवाळ्याला एक माणूस हवं होतं ना? आत झोपलंय. पायाला प्लास्टर आहे, पण हात मोकळे आहेत."

लोक म्हणतात, कसली ही पोर, काळीज आहे की दगड. मी त्यांना सांगते, दगड तर दगड, माझ्या खाणीतला आहे. त्या दिवशी मला दोन मुली होत्या. एक आत कण्हत होती आणि एकीनं मला हरवलं होतं. मान ताठ कोणामुळे होती, ते मी कोणाला सांगणार नाही.

डिसेंबरात ट्रक आले. बो-राम स्टुलावर बसून मासे जोडीजोडीने बांधते, मला शिव्या घालते, आणि गाठी मात्र चांगल्या मारते. तिच्या टीमनं उन्हाळ्यापर्यंत वाट बघू म्हटलंय. ताईचं नाव तिनं अजून एकदाही घेतलेलं नाही.

नव्या वर्षाच्या सणाला यन-सिल घरी आली. तांदळाच्या चकत्यांचं सूप प्याली, दोन वाट्या. मग भिंतीला टेकून बसली. मी मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि तिच्यासमोर बसले.

"आण तो पाय," मी म्हटलं.

तिनं उजवा पुढे केला. मीही उजवाच शेकायला घेतला. अंगठा टेकवला तशी ती दात आवळून कण्हली.

बो-राम दाराशी बसली होती, कुबड्या मांडीवर घेऊन. ती ताईच्या तोंडाकडे बघत नव्हती. नजर कंबरेवर होती.