पंचवीस वाट्या

कारखान्याच्या पाळणाघरातला स्वयंपाक बंद करून मुलांना बिस्किटांचे पुडे द्यावेत की नाही, हे आरोग्य अधिकारी म्हणून माझ्या अहवालावर ठरणार होते. कारखान्याच्या दुसऱ्या पाळणाघरात पुडे आधीच सुरू होते. दोन्हीकडे मुलांची वये, लसीकरण आणि पाणी सारखेच. तरी इथे जुलाब-खोकल्याची आजारपणे तिथल्यापेक्षा निम्मी. आकडे इतके गोंडस दिसले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

स्वयंपाकघरात पाऊल ठेवताच संशयाला खाद्य मिळाले. हजेरीपटावर मुले बावीस. ओट्यावर वाट्या पंचवीस.

“मावशी, या जास्तीच्या तीन कोणाच्या?” मी स्वयंपाकीणबाईंना विचारले.

“तिघांच्या. दुसऱ्यांदा.”

“म्हणजे लाडक्यांच्या?”

“आजारातून उठलेल्यांच्या.” त्यांनी मऊ शिजलेल्या डाळीवर तेलाची धार सोडली, अंडे कुस्करले. “ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. पोर मात्र वाळलेलं असतं. तसंच ठेवलं तर पुढचा खोकला आधी त्यालाच गाठतो. म्हणून निदान पंधरा दिवस एक जेवण जास्त. वजन भरून आलं की थांबवते.”

“हे कुणी शिकवलं?”

“दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. एकदाच सांगितलं त्यांनी. मी तुमच्यासारखं खोदून खोदून विचारलं नाही.”

मी चार वर्षांची वजने पडताळली. आजारी मुले घरी बसवून आकडा झाकला असेल, म्हणून गैरहजर मुलांच्या घरी फोन केले. लपवलेले काही सापडले नाही. आजार भूक मारतो, उपासमार प्रतिकारशक्ती खचवते, आणि पुढचा जंतू आयताच आत शिरतो, हे चक्र मी वर्षानुवर्षे पुस्तकांत वाचले होते. ते एका पळीने अडवलेले प्रथमच पाहत होतो.

दोन पाळणाघरांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे अहवालात लिहिलेच. लसीची जागा जेवण घेत नाही, हेही लिहिले. मावशींना ते वाचून दाखवले.

“ते राहू द्या. चूल राहणार की जाणार?”

“राहणार. दुसरीकडेही सुरू करा, अशी शिफारस केली आहे. तिथल्या बाईंना तुम्ही शिकवायचं.”

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, आधी वजनकाटा मागून घ्या. पोर बरं दिसतंय म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.”

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी शास्त्रशुद्ध सूचना मला एकाही वरिष्ठाने केलेली नाही. मी ती शिफारशींत पहिल्या क्रमांकावर घातली.