गाडीला काही झालेलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. रस्त्यात मी दिसले की तुम्ही कानांवर हात ठेवता, आणि मी पुढे निघाले की माझ्याच मागे स्कूटर घुसवून सिग्नल तोडता. असो. तो राग आज काढायचा नाही. आज माझ्या पोटात दुसराच राग आहे.

मी जन्मले ती साधी मालवाहू गाडी म्हणून. मग एका कारखान्यात माझी आतली बाजू उघडीवाघडी केली गेली. स्ट्रेचरसाठी रूळ बसवले, ऑक्सिजनच्या नळकांड्याला पट्टे लावले, टपावर दिवा चढवला. पहिल्या दिवशी मी इतकी पांढरीशुभ्र होते की मला चालवणाऱ्या मामांनी आत शिरताना चपला काढल्या होत्या. नंतर स्वतःच हसले आणि पुन्हा घातल्या.

दुसऱ्या वर्षी ताई आली. रोग्याजवळ बसून प्रथमोपचार करायचे, हे तिचं काम. सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे मामासुद्धा. ती आत आली की माझ्यातली हवाच बदलायची. रोगी कितीही घाबरलेला असो, ती त्याला बोलतं ठेवायची. "डोळे मिटायचे नाहीत हं. हवं तर माझ्याशी भांडा," असं म्हणायची. एकदा रेल्वेच्या फाटकात आम्ही अडकलो आणि माझ्या पोटात एक बाळ जन्मलं. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात ताई होती, बाळ होतं, माझं अर्धं दार होतं आणि मामांचं कोपर होतं. मामांनी तो फोटो कापून पाकिटात ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं कोपर दाखवत राहिले.

ते दिवस चांगले होते. पुढे माझ्या दोन जोडीदार गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्याच नाहीत. त्यांचे रोगी आमच्याकडे आले. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. ताईचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. कुणी दारू पिऊन तिच्या अंगावर ओकायचं, कुणाचा भाऊ उशीर झाला म्हणून तिची कॉलर धरायचा, आणि बघे मोबाईल वर करून उभे राहायचे.

एका दुपारी बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत पडलेलं एक लहान मूल आम्ही आणलं. ताईनं चाळीस मिनिटं त्याची छाती दाबली. मूल गेलं. तिनं माझी फरशी पुसली, हात धुतले, तेवढ्यात कंट्रोल रूमचा आवाज आला. कुणाचं तरी बोट दारात चेंगरलं होतं. ताई म्हणाली, "घ्या मामा, निघू." बस्स, एवढंच. मला वाटलं, किती खंबीर आहे ही! मित्रांनो, माझं चुकलं. तो खंबीरपणा नव्हता. आत काहीतरी बंद पडत होतं, आणि बंद पडणाऱ्या गोष्टी सुरुवातीला आवाज करत नाहीत.

हळूहळू ती रोग्याचं नाव विचारेनाशी झाली. "छातीदुखी, तिसरा मजला," एवढंच म्हणायची. एकदा तिनं मामांना सांगितलं, "काल लेक पडली. गुडघा फुटला म्हणून रडत आली. मी म्हटलं, हाड मोडलंय का? मग रडतेस कशाला? आता ती तिच्या बाबांकडेच जाते."

मामांनी गिअर बदलला.

मग ते आजोबा. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, लिफ्ट नव्हती. महिन्यात अकरा वेळा त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. दर वेळी छातीत कसंतरी व्हायचं आणि दर वेळी काही निघायचं नाही. बाराव्या वेळी ताईनं त्यांना जिने उतरवून माझ्या दारापाशी आणलं, नाडी तपासली आणि तिचा तोल सुटला.

"आजोबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही. बोलायला कुणी नाही म्हणून तुम्ही आम्हाला बोलावता. तिकडे खरोखर मरणारा माणूस गाडीची वाट बघतोय!"

आजोबा म्हणाले, "बरं, बाई." आणि कठड्याला धरून एकटेच जिना चढू लागले. मामा त्यांच्या मागे धावले. ताई गेली नाही.

आठवड्याभरानं संध्याकाळी त्यांच्या शेजारणीनं फोन केला. आजोबा घामानं भिजले होते, ओठ निळे पडले होते. स्ट्रेचरवरून ते ताईला म्हणाले, "आज खरंच आहे हो. सकाळपासून आहे. माफ करा."

ते वाचले. पण सकाळीच आणलं असतं तर हृदयाचं इतकं नुकसान झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. परतताना ताई पुढच्या सीटवर बसली होती. "मामा, ते माफ करा म्हणाले आणि मला काहीच वाटलं नाही. अगदी काहीच नाही. मला माझीच भीती वाटते."

मामांनी ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली. साहेब म्हणजे आमच्या आगाराचे प्रमुख. त्यांनी काय करावं? ताणमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, तेही ताईच्या सुट्टीच्या दिवशी. चाळीस मिनिटं एक गृहस्थ पडद्यावर सूर्योदय दाखवत होते. शेवटी हजेरीची सही झाली आणि प्रत्येकाला एक पत्रक मिळालं: 'हसत राहा'.

मामांनी ते वाचलं आणि विचारलं, "कधीपासून हसायचं? सही केल्यापासून?"

सोमवारी सकाळी ताई कामावर आली. माझ्या पायरीवर एक पाय ठेवला, दांडा धरला आणि तशीच थांबली. वर येईना, खाली उतरेना. कंट्रोल रूम ओरडत होती: पुलाजवळ अपघात, बाई जखमी. मामांनी आरशात बघितलं, किल्ली काढली आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"गाडी आज निघणार नाही."

"का? काय झालंय गाडीला?"

"गाडीला काही झालेलं नाही. ब्रेक जरा कुरकुरला तरी तुम्ही गाडी चार दिवस उभी करता. ही पोर तीन वर्षं कुरकुरतेय, साहेब."

"अहो, तिकडे रस्त्यावर बाई पडलीय! ती मेली तर कोण जबाबदार?"

मामांनी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. "मी," ते म्हणाले. "पण ताईच्या हातून कुणी मेलं, तर कोण? तेही आजच ठरवा."

दुसरी गाडी पलीकडच्या टोकावरून आली, सतरा मिनिटं उशिरा. त्या बाईचा पाय मोडला होता, जीव वाचला. पण तो जाऊही शकला असता, हे मामांना माहीत होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांना तीन दिवसांसाठी निलंबित केलं, आणि ताईला सहा आठवड्यांची रजा मिळाली. एका माणसाच्या रजेसाठी दुसऱ्यानं शिक्षा भोगायची, ही कसली रीत?

ताई परतली तेव्हा तिनं मामांना सांगितलं, "पहिले दहा दिवस नुसती झोपले. अकराव्या दिवशी लेक दुखरं बोट पुढे करून आली. म्हणाली, 'आई, फार नाही लागलेलं, पण बघतेस का?' मामा, एवढीशी पोर भीत भीत आपलं दुखणं दाखवते! त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे गेले. अजून जाते."

"आणि आजोबा?"

"गेले होते त्यांच्याकडे. माफी मागितली. ते म्हणाले, तू बोललीस ते खरंच होतं, म्हणून तर लागलं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आता दर रविवारी जाते. दर वेळी जावंसं वाटतंच असं नाही. तरी जाते."

नवा नियमही निघाला. रोगी दगावला तर गाडी वीस मिनिटं उभी ठेवायची, पुढचा कॉल द्यायचा नाही. दोन महिने तो पाळला गेला. मग गाड्या कमी पडल्या आणि नियमाचा कागद फळ्यावर दुसऱ्या कागदांखाली गेला.

मित्रांनो, तुम्ही आमचं कौतुक करता, टाळ्या वाजवता, ताईला देवमाणूस म्हणता. कृपा करून म्हणू नका. देवमाणसाला भूक लागत नाही, झोप लागत नाही, आणि मग त्याला सुट्टी द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्यापेक्षा तुमच्या भागासाठी आणखी एक गाडी मागा, आणखी एक माणूस मागा. आणि नाही मिळालं तर पुन्हा मागा.

काल दुपारी एक आजी माझ्या पोटातच वारल्या. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात मामांनी मला उभं केलं. आत ताई रडत होती. तोंडावर हात न ठेवता, मोठ्यानं, किती वर्षांनी! मामा बाहेर नळी घेऊन माझं आधीच स्वच्छ असलेलं बोनेट धूत होते.

"गाडी मोकळी झाली का?" कंट्रोल रूमनं विचारलं.

"सफाई चालू आहे," मामा म्हणाले.

"अजून किती वेळ?"

मामांनी आत एकदा बघितलं आणि पाणी आणखी मोठं सोडलं.