लाल दिव्यावरची कॉफी

मित्रांनो, नांदेडहून तार आली त्या दिवशी मी लातूरच्या एका घरात फळीवर होतो. केवळाबाई शिक्षिकांच्या शिबिराला नांदेडला गेल्या होत्या. तिथे ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्या वारल्या. त्यांचे यजमान शेषेराव यांनी तार दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले.

मी एक जुना पर्कोलेटर आहे, म्हणजे विजेवर कॉफी उकळणारे भांडे. अमेरिकेतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. केवळाबाईंचा धाकटा भाऊ रामकिशन तिकडे नोकरीला लागला, त्याने मला पाठवले. माझ्या बुडावर एकशेवीस व्होल्ट असे कोरले आहे. इथल्या भिंतीत वीज दोनशेतीसची. ती निम्म्यावर आणणारी जड पेटी लातुरात मिळेना.

केवळाबाईंनी वाट काढली. घर गावाच्या कडेला, शेतांच्याच तारेवर. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा आणि घरातला दिवा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. तेवढ्यात त्या मला लावायच्या. एक हात बटणावर, नजर दिव्यावर. दिवा जरा पांढरा झाला की लगेच बंद. शेजारच्या साखराबाई नाक मुरडत पेला पुढे करायच्या. "बाई, तुमचं हे जळकं पानी लई कडू हाय. अजून जरा टाका."

शेषेराव तेव्हा पाठमोरे बसून कचेरीचे कागद लिहायचे. जिल्हा नवा, कचेरी नवी, माणसे थोडी, त्यात दुष्काळ. टँकरच्या याद्या त्यांच्याकडे होत्या. त्या याद्यांपायीच ते नांदेडला सोबत गेले नाहीत. संध्याकाळची बुद्धवंदना झाली, सात वाजले, की कॉफी येते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

दीड महिन्याने त्यांनी मला खाली काढले. बाईंनी दळलेली तीन चमचे पूड डब्यात उरली होती. साखराबाई दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, ऱ्हाऊ द्या. तुमाला जमतंय का ते?"

"सातला लावायचं. मला ठाऊक हाय."

त्यांनी पाणी भरले, पूड घातली. मी दिव्याकडे पाहिले. दिवा पांढराफेक होता. बाहेर एकही मोटार वाजत नव्हती. विहिरीच आटल्या, तर मोटारी काय ओढणार? त्या विहिरींची नावे शेषेराव रोज स्वतःच्या हाताने यादीत लिहीत होते. साखराबाईंची विहीरही त्यात होती. पण मोटारी थांबल्या म्हणजे दाब उतरणार नाही, हे त्यांच्या मनात आले नाही. सातला दोन मिनिटे कमी होती. त्यांची नजर घड्याळावर होती. मला बोलता येत नाही. एकदा मान वर करा, एवढेच मला सांगायचे होते.

सात वाजले. त्यांनी बटण दाबले.

पाणी एका दमात उसळले. झाकणावरची काच तडकली. पोटातली तार लाल झाली, पांढरी झाली आणि तुटली. धूर निघाला. साखराबाईंनी धावत येऊन बटण पाडले आणि शेषेरावांचा हात धरून बाजूला केला. ते खाली बसले.

"ती वर बघायची. मी कधी बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोटारी दुरुस्त करणाऱ्या शिवलिंगने मला उघडले. ही तार इथे मिळणार नाही, जिथून भांडे आले तिथूनच मागवा, म्हणाला. रामकिशनचे नवे पत्र टेबलावर न फोडता पडले होते. त्यावर नाव केवळाबाईंचे होते.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू एकाच माणसाच्या हाताने चालत असेल, तर त्या हाताशेजारी बसा. तो हात काय करतो ते पाहा, विचारून घ्या. वस्तूही टिकेल.

मी पुन्हा फळीवर आहे. शेषेराव रोज कागद घेऊन बसतात, 'चिरंजीव रामकिशन' एवढे लिहितात आणि पेन ठेवतात. बहीण गेल्याचे त्याला अजून कळवायचे राहिले आहे.