दोन आकड्यांचा रकाना

बावीस वर्षं मी हवामान खात्यात नद्यांच्या पाण्याच्या पातळीचा तक्ता काढते. म्हणजे काढतो तो पर्ल या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्रॅम. मी फक्त शिव्या खाते. सगळं एकाखाली एक सरळ यावं म्हणून त्याला रकान्याचं चित्रच काढून द्यायचं: एक @ आणि पुढे बाण, जितकी अक्षरं तितक्या खुणा. दुपारी रेडिओवर तोच तक्ता वाचतात आणि सर्बियातली निम्मी म्हातारी माणसं हातातला चमचा थांबवून ऐकतात.

आमच्या नदीसारख्या लहान नद्यांचा फक्त कालपासूनचा फरक सांगतात. त्याला मी तीन खुणांची जागा ठेवली होती, अधिक-उणेचं चिन्ह आणि दोन आकडे. एका दिवसात मीटरभर पाणी चढलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

यंदा मे महिन्यात चढलं. अधिक एकशे चार सेंटीमीटर. मावत नाही ते पर्ल हूं की चूं न करता छाटतं. रेडिओवर गेलं, "अधिक दहा."

आमचे शेजारी मिलिसावकाका. नदीकाठी त्यांच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. दहा ऐकून ते जेवून आडवे झाले. संध्याकाळपर्यंत एकही पेटी उरली नाही.

त्यांचा मुलगा नेबोयशा शहरातून आला. "बाबा आता भलतंच ऐकतात. एकटं ठेवण्यात अर्थ नाही. घर विकतो, घेऊन जातो त्यांना." काका मान खाली घालून बसले होते. त्यांनाही ते पटायला लागलं होतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. नोकरीची भीती, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी छापील तक्ता घेऊन गेले.

"काका, तुम्ही बरोबर ऐकलंत. चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवलं. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं?"

"ठणठणीत."

"ऐकलंस का रे, नेबोयशा? गाढव मी नव्हे!" त्यांनी राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, तीन पेले भरले. मला रडू आवरेना. "रडतेस कशाला, रुझित्सा? माश्या काय, पुन्हा पाळता येतात."

"रकाना रुंद केलाय, काका. आता हजार चढलं तरी मावेल."

त्यांनी पेला खाली ठेवला. "बरं केलंस, पोरी. पण उद्या 'अधिक पाच' म्हणाले, तर मी झोपू, की उठून नदी बघून येऊ?"

मी तक्त्याची घडी घालून पिशवीत टाकली.

रविवारी ते सामान घेऊन नेबोयशाच्या गाडीत जाऊन बसले. स्वतःहून.