टाक्यांचा पेशंट

माझ्या नाकावर राग आणि खांद्यावर कॅमेरा, दोन्ही कायमचे. त्या दिवशी मात्र राग काढायला माणूस सापडेना, कारण चूक माझीच होती.

प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर दुपारी दोनला निवृत्त होणार होत्या. माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा अकरा दिवस तिला डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या याच. त्यांच्यावर छोटी फिल्म करावी, एवढंच माझ्या हातात होतं. शेवटचा शॉट ठरलेला: लांबलचक कॉरिडॉरमधून त्या बाहेर जातात आणि कॅमेरा मागोमाग. नाही जमलं तर पुन्हा चालाल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "निरोप एकदाच घेतात. दुसऱ्यांदा घेतला की नाटक होतं."

गिंबल, म्हणजे मोटरवर कॅमेरा तोलून धरणारा दांडा, मी मिरवत आणला होता. सकाळी लेन्स बदलली आणि तोल नव्याने लावायचा राहिला. दोनला पाच मिनिटं असताना गिंबल थरथरला आणि त्याने मान टाकली. ट्रायपॉड स्थिर, पण जागचा हलणार नाही. कॅमेरा हातात धरावा, तर माझी पाचावर धारण बसलेली.

"इथली फरशीच धड नाही!" मी ओरडलो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," वॉर्डातल्या मावशी मागून म्हणाल्या. त्यांनी व्हीलचेअर पुढे केली. "बसा. मांडीवर उशी घ्या, उशीवर तुमचं यंत्र. आणि पोटाला टाके आहेत असं समजा."

मुकाट्याने बसलो. मावशींनी चपला काढल्या. सिस्टर निघाल्या, मागे आम्ही. फरशीचा सांधा आला की मावशी खुर्ची अलगद मागे कलवायच्या, पुढची चाकं उचलायच्या आणि पलीकडे टेकवायच्या. टाके घातलेल्या बायका तीस वर्षं याच फरशीवरून नेल्या होत्या त्यांनी. सगळे सांधे पाठ. चित्र जराही हललं नाही.

दाराशी सिस्टर वळल्या. लेन्सच्या किंचित वर त्यांची नजर थांबली. डोळे भरले, ओठ हलले, मग त्या गेल्या.

मी मागे पाहिलं. मावशींचा एक हात तोंडावर, दुसरा अजून खुर्चीवर घट्ट. दोघींची कामाची पाळी तीस वर्षं एकच होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"मावशी, तुम्ही त्यांच्या शेजारून चालायला हवं होतं."

"चालायचंच होतं हो," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्हाला कोणी नेलं असतं?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले, एवढंच.

फिल्म पाहून लोक विचारतात, शेवटी सिस्टर कोणाकडे बघतात? मी सांगतो, श्रेयनामावली वाचा. माझ्या नावाच्या वर मावशींचं आहे.