फुलांच्या यादीखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. अंग बुचाचे, चौकट ओकच्या लाकडाची. वेल्समधल्या एका लहानशा गावात, चर्चच्या पडवीत मी चाळीस वर्षे टांगलेला आहे. टाचण्या टोचून घेणे हाच माझा धंदा. लग्न, बाप्तिस्मा, केकविक्री, हरवलेले मांजर, सगळे माझ्याच अंगावर. पूर्वी लोक माझ्यासमोर थांबून सावकाश वाचत. आता मला पाठ टेकून छत्र्या झटकतात.

एकदा ओल लागून मी फुगलो, तेव्हा एमरिसकाकांनी मला उतरवून नवे बूच बसवले. चर्चमधले काहीही मोडो, एमरिसकाका हजर. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचे कॉयरही तेच शिकवत. त्यांच्याबद्दल वावगा शब्द गावात कोणी काढत नसे. मी तर त्यांच्या उपकाराखालीच होतो.

माझ्या डाव्या कोपऱ्यात एक कागद असे: 'कोणी तुम्हाला त्रास देत असेल, नकोसे वाटेल असे वागत असेल, तर मेरेरिद होवेल्स यांना सांगा.' खाली फोन नंबर. मुलांची तक्रार ऐकायला एक माणूस नेमून असा कागद लावायचा, हा चर्चचा नियमच आहे. दुसरा नियम, मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसे हवीत. दोन वर्षांपूर्वी मेरेरिदबाई लेकीकडे स्वान्सीला राहायला गेल्या. कागद मात्र राहिला. पुढे वेदीजवळची फुले कोणी कधी आणायची याची यादी नेस्टामावशींनी नेमकी त्याच्यावरच टाचली. फुलांची यादी दर आठवड्याला वाचली जाते ना!

कॉयरच्या तालमीला दुसरे मोठे माणूस म्हणजे याच नेस्टामावशी. त्या येत, वहीत सही करत आणि चहाला घरी जात. "एमरिस आहे की! त्याच्यावर कसला पहारा ठेवायचा? आपलाच माणूस," असे वर म्हणत.

एलेरी दहा वर्षांची, गोड आवाजाची. तालीम संपली की एमरिसकाका इतरांना घरी पाठवत आणि वरचा सूर कच्चा आहे म्हणून तिला थांबवून घेत. कॉयरचे झगे ठेवायच्या खोलीचे दार लागे. आत काय घडे ते मला दिसत नसे. पण बाहेर येताना तिचा चेहरा पांढरा पडलेला असे आणि ती भिंतीला धरून चाले. एकदा माझ्यासमोरच तिच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हे आपलं दोघांचं गुपित, हं. आईला सांगितलंस तर आईच रडत बसेल." त्या दिवशी मला माझ्या अंगावरच्या बुचाची किळस आली.

पुढच्या मंगळवारी ती लवकर आली. फुलांची यादी उचलून तिने खालचा कागद वाचला, दोनदा, ओठ हलवत. नंबर तळहातावर लिहून घेतला. खिळे नसते तर मी नाचलो असतो.

आठवड्याने, तालीम संपल्यावर, ती परत येऊन माझ्यापाशीच उभी राहिली. तेवढ्यात नेस्टामावशी फुले घेऊन आल्या.

"काय गं, इथं काय करतेस?"

"मावशी, मेरेरिदबाईंचा फोन लागतच नाही."

"लागेल कसा? ती गेली ना स्वान्सीला! तो नंबर केव्हाच बंद झाला. तुला कशाला हवी ती?"

"सांगायचं होतं... एमरिसकाका मला..."

सांग पोरी, सांग, असे मी ओरडत होतो. पण मला तोंड कुठले!

"ओरडले होय? अगं, शिकवणारा माणूस ओरडणारच. एवढं काय मनाला लावून घ्यायचं! चल, वाट बघतोय तो तुझी." आणि मावशींनी स्वतः तिचा हात धरून तिला त्या खोलीच्या दारापर्यंत पोचवले.

नेस्टामावशी दुष्ट नाहीत हो. गावात कोणी आजारी पडले की पहिले सूप त्यांच्याच घरून जाते. त्यांनी फक्त एका मुलीचे वाक्य पुरे होऊ दिले नाही.

इस्टरच्या आधीच एलेरी यायची थांबली. "हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही," असे लोक माझ्यासमोर उभे राहून बोलले. मग वार्षिक सभा झाली. आतले बोलणे पडवीत ऐकू येत होते. पाळक श्यानबाईंच्या गळ्यात सहा चर्चे, त्या नेहमी घाईत. मेरेरिदच्या जागी कोण, असे त्यांनी विचारले. प्रत्येकाने काही ना काही सबब सांगितली. शेवटी एकजण "मी करतो" म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.

काल नवा कागद लागला. 'कोणी तुम्हाला त्रास देत असेल, तर एमरिस प्यू यांना सांगा.' या वेळी नंबर चालू आहे. टाचण्या एमरिसकाकांनी स्वतःच्या हाताने टोचल्या.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, चर्चमध्ये असा कागद असेल. घरच्या मोठ्यांना सांगा, तो नंबर एकदा लावून बघा आणि तिथे नाव कोणाचे आहे तेही बघा. तुम्हालाच काही सांगायचे असेल आणि एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते.

त्याच कागदाशेजारी कॉयरची यादी आहे. एलेरीच्या नावावर काट मारून खाली सेरेनचे नाव लिहिले आहे. सेरेन आठ वर्षांची आहे. मंगळवारी साडेचारला तालीम असते. मला इथून हलता येत नाही. कोणीतरी या, आणि शेवटचे मूल घरी जाईपर्यंत तिथेच बसून राहा.