लांबून आलेला मुलगा

औषधाच्या दुकानात माणसं गोळ्या घ्यायला येतात आणि जाता जाता चौकशाही करून जातात. "काय काकू, मुलगा कधी येणार?" हा प्रश्न दुकानाच्या मालकीणबाईंना दिवसातून एकदा तरी यायचाच. काकूंचं उत्तर तयार असे. यंदा रजा नाही मिळाली, तिकडं थंडी फार पडलीय, नवा साहेब खडूस आहे. फॉरेनची हवा आणि फॉरेनचे साहेब यांची त्यांना इतकी माहिती होती की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ताच विमानातून उतरलीय.

मुलगा फॉरेनला वगैरे नव्हताच. तो याच गावात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, प्रोफेसरबाईंच्या घरी वरच्या खोल्यांत राहत होता आणि लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार राहत होता. जोडीदार म्हणजे धंद्यातला नव्हे. ज्याच्यावर जीव जडला आणि ज्याच्याबरोबर संसार मांडला, तो. आणि तो पुरुष होता. गोष्ट एवढीच होती, आणि तिच्यापायी काकूंनी पोटच्या पोराला परदेशी पाठवून दिलं होतं.

त्यांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत, की दार लावून घेतलं नाही. "तू सुखात राहा बाबा," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त बाजारपेठेत दिसू नकोस. मी लोकांना सांगून बसलेय." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं जन्माचं धोरण. मुलगा भिडस्त. तो आपल्याच गावात आडरस्त्यांनी वावरू लागला. केस कापायलासुद्धा शेजारच्या गावी जायचा.

त्याचे वडील कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. ते रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोघांच्या हातचा चहा पिऊन यायचे. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, नवऱ्यानं कधी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. मग ग्रंथपालांच्या हृदयानं दगा दिला, फिरणं बंद झालं आणि बापलेकांची भेटही बंद झाली. फॉरेनचा मुलगा घरी येणार तरी कसा?

एका दुपारी त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. ग्रंथपालांनीही मुलाला भेटायचंय म्हणून सांगितलं. काकूंनी फोन हातात घेतला आणि त्यांची नजर खाटेभोवती गेली. नणंदबाई होत्या, दीर होते, आणि त्यांच्याच इमारतीत शिकवण्या घेणाऱ्या वहिनी होत्या. वहिनी म्हणजे गावाचा रेडिओ. मुलगा दहा मिनिटांत येऊन उभा राहिला असता. पण फॉरेनहून दहा मिनिटांत कोण येतं?

काकू जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलल्या. "तू उद्या सकाळी ये. टॅक्सीनं ये. आणि बरोबर मोठी बॅग आण."

मुलानं एवढंच विचारलं, "बाबा थांबतील का, आई?"

"डॉक्टर म्हणालेत, घाबरण्यासारखं काही नाही."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते.

संध्याकाळी ग्रंथपालांनी पुन्हा विचारलं. सगळे ऐकत होते. काकू म्हणाल्या, "निघालाय हो तो. विमानात बसलाय." ग्रंथपालांनी बायकोकडं पाहिलं. मुलगा कुठं राहतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण चारचौघांत बायकोला खोटं पाडणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि मग काही विचारलं नाही.

सकाळी मुलगा टॅक्सीत बसला. जोडीदारानं आपली मोठी बॅग दिली होती. ती भरलेली दिसावी म्हणून दोघांनी तिच्यात उशा कोंबल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्या पोरानं खरोखर घातला. विमानतळाकडून येणारा रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तो गावाबाहेर जाऊन त्या रस्त्यानं आत आला. तो खाटेशी पोचला तेव्हा चादर वडिलांच्या तोंडावर ओढलेली होती.

नणंदबाईंनी त्याला पोटाशी धरलं. "केवढ्या लांबून आलास रे! एका दिवसात आलास!" वहिनीही डोळे पुसत तेच म्हणाल्या. मुलगा आईकडं बघत होता. दिरांनी बॅग उचलली, ती हलकी लागली तसे चमकले, पण अशा वेळी कोण काय विचारणार! दवाखान्याच्या फाटकाबाहेर जोडीदार हातात हेल्मेट धरून एकटाच उभा होता. त्याला आत ये म्हणायला कोणी गेलं नाही.

त्यानंतर मुलानं आईचा फोन उचलणं बंद केलं. काकू दुकानात बसत. गिऱ्हाईक म्हणे, लेकानं मात्र कर्तव्य केलं हो. काकू मान डोलावत आणि आत जाऊन रिकाम्या खोक्यांमध्ये तोंडात पदर कोंबून रडत. घरी एकाच माणसाचं जेवण करायचं, म्हणून त्या करतच नसत.

प्रोफेसरबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या या बाईंच्या घरी दर रविवारी मुलंमुली जमत. कोणाला घरच्यांनी बाहेर काढलेलं, कोणाच्या लग्नाची घाई चाललेली, कोणी नुसतंच रडायला आलेलं. बाई त्यांना जेवू घालत, वकील गाठून देत, कधी पालकांच्या शिव्या खात. त्यांनी सांगितलं की येत्या शनिवारी या मुलांची प्राइडची, म्हणजे आपलं प्रेम लपवणार नाही असं सांगणारी, मिरवणूक आहे आणि यंदा ती बाजारपेठेतून जाणार आहे.

काकूंनी दुकान रिकामं आहे हे बघितलं आणि विचारलं, "तो कसा आहे?"

"जिवंत आहे. याहून जास्त सांगता येणार नाही. रात्रभर जागतो."

"मी काय करू शकले असते, सांगा ना! गावात राहायचंय. लोकांनी जगू दिलं नसतं."

"कोणते लोक?" बाईंनी गोळ्या पिशवीत टाकल्या. "लोक तुमच्याकडं रोज येतात. ते काय म्हणतात ते तुम्ही रोज ऐकता. केवढ्या लांबून आला, म्हणतात. तुम्हाला हवं तेच म्हणतात ना? मग पोटभर ऐका. तुमच्या नवऱ्यानं मात्र लोकांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी मुलगा मागितला होता. तो दहा मिनिटांवर होता."

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. बाई निघून गेल्यावर त्या शटर अर्धं ओढून बसून राहिल्या.

शनिवारी मिरवणूक आली. फार मोठी नव्हती. एक ढोलकं, सप्तरंगी लांबलचक कापड, घोषणा देणारी पोरं, आणि कापडाचं एक टोक धरून चाललेला काकूंचा मुलगा. पलीकडं जोडीदार. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे होते, कोणी हसत होते, कोणी नुसते बघत होते. एका तरुणानं शिट्टी मारली. वहिनी नेमक्या दुकानात होत्या.

"अहो काकू, हा तुमचा मुलगा ना? फॉरेनहून परत कधी आला?"

उत्तर नेहमीसारखं ओठांवर आलं होतं. रजा मिळाली, कालच आला, मित्रांबरोबर सहज गेलाय. एक खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं. पण काकूंना भिंतीकडं वळलेली मान दिसली!

"तो गेलाच नव्हता, वहिनी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं इथंच राहतोय, त्याच्या जोडीदाराबरोबर. मीच खोटं सांगत होते. आणि त्याच खोट्यापायी मी त्याची आणि ह्यांची शेवटची भेट होऊ दिली नाही."

काकू पायऱ्या उतरल्या आणि भर बाजारपेठेत मुलाच्या शेजारी चालू लागल्या. जोडीदारानं बाजूला सरून त्यांना जागा दिली.

मुलानं वळून पाहिलं. तो रागावला नव्हता. आईनंच शिकवलेलं तो सवयीनं बोलला. "आई, घरी जा. लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाल्या. "माझं चुकलं रे."

"बाबांना सांग," तो म्हणाला.

काकू कॉलेजच्या दारापर्यंत चालल्या. तो पुढं एक अक्षर बोलला नाही. तो आईशी पुन्हा बोलेल की नाही, कधी बोलेल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

वाचकहो, अशी 'फॉरेनला' पाठवलेली मुलंमुली आपल्याही गल्लीत असतील. त्यांना आज घरी बोलवा, जोडीदारासकट बोलवा, लोकांदेखत बोलवा. लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. गेलेला माणूस मात्र एकदाच गप्प होतो, आणि त्याच्यापुढं कितीही खरं बोललं तरी त्याला ते ऐकू जात नाही.